ल्हासाचा पहारेकरी

'ल्हा' म्हणजे देव आणि 'सा' म्हणजे भूमी. देवांची ही भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर, क्यीचू नदीच्या रुंद खोऱ्यात वसली आहे. आपल्या कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे. अशी दोन शिखरे एकावर एक ठेवली तरी ल्हासाच्या रस्त्याला टेकणार नाहीत! विमानातून उतरलेल्या प्रवाशाला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते आणि पहिला दिवस बहुधा अंथरुणावर पडूनच काढावा लागतो. जुलै २००६ पासून गोलमुदमार्गे ल्हासापर्यंत रेल्वे जाते. ५,०७२ मीटर उंचीची तांगुला खिंड ओलांडणाऱ्या या गाडीत प्रवाशांसाठी प्राणवायूची सोय असते. भारतीय प्रवाशाला चीनचा व्हिसा आणि तिबेटसाठीचा वेगळा परवाना लागतो. मार्गदर्शकाशिवाय मोकळे फिरता येत नाही.

पण ल्हासाचे नाव आज भारतातल्या हजारो घरांत घेतले जाते ते या शहरामुळे नव्हे, तर एका केसाळ, ठेंगण्या, रुबाबदार कुत्र्यामुळे. 'आमच्याकडे ल्हासा आहे' असे कोणी म्हणाले की ते ल्हासा अप्सोबद्दल बोलत आहे, हे मुलांनाही कळते. आपल्या घरातले हे बाळ कोणत्या गावचे, तिथली हवा कशी, तिथे ते काय काम करीत होते, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. आणि त्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ नेमके तिथेच सापडते.

ल्हासाचे ऊन कडक. वर्षातून जवळजवळ तीन हजार तास सूर्य तळपत असतो आणि विरळ हवेमुळे तो डोळ्यांना अक्षरशः टोचतो. पण सावलीत पाऊल टाकले की अंगावर काटा येतो. भर जूनमध्येही दुपारचे तापमान बावीस-चोवीस अंशांच्या फार वर जात नाही आणि जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली आठ-दहा अंश उतरतो. हवा कोरडी ठणठणीत. वर्षभरात मिळून पाऊस पडतो सव्वाचारशे-साडेचारशे मिलीमीटर, तोही बहुतेक पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला होता. ल्हासाच्या दोन वर्षांच्या पावसाइतका!

या हवेत अप्सो घडला. अंगावर दुहेरी केस: आत मऊ, दाट अस्तर आणि वर सरळ, जाड, जड केसांची झूल. तिबेटी थंडीत रजई आणि वाऱ्याला आडोसा. डोळ्यांवर येणारी झुलपे तिथल्या प्रखर उजेडात छत्रीसारखी उपयोगी पडत. हवा कोरडी असल्याने हे केस ओले राहून कुजण्याचा प्रश्नच नव्हता.

जुन्या शहराच्या मध्यभागी सातव्या शतकातले जोखांग मंदिर आहे. त्याच्याभोवतीचा सुमारे एक किलोमीटरचा फेरा म्हणजे बारखोर. पहाटेपासून भाविक मंदिर उजव्या हाताला ठेवून चालत असतात. हातात फिरते प्रार्थनाचक्र, ओठांवर मंत्र. काही जण पावलोपावली लोटांगण घालत पुढे सरकतात. पंढरीची वाट पाहिलेल्या मराठी माणसाला हे दृश्य परके वाटू नये. या प्रदक्षिणेत म्हाताऱ्या बायकांच्या मागे छोटे कुत्रेही तुरुतुरु चालताना दिसतात. त्यांतले बहुतेक मिश्र जातीचे असतात. पण पाठीवर वळलेली झुबकेदार शेपटी आणि चेहऱ्यावरची पोक्त ऐट पाहिली की कुळाची ओळख पटते.

शहरावर कोठूनही दिसतो तो पोताला राजवाडा. लाल टेकडीवर पाचव्या दलाई लामांनी १६४५ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले. तेरा मजले, हजारावर खोल्या, लोण्याच्या दिव्यांनी काळवंडलेल्या भिंती. अशा राजवाड्यांत, मठांत आणि सरदारांच्या वाड्यांत पहाऱ्याची दुहेरी व्यवस्था असे. बाहेर दाराशी साखळीला बांधलेला दांडगा तिबेटी मॅस्टिफ आणि आत, दालनात, हा इवलासा अप्सो. परक्या पावलांचा आवाज आधी टिपायचा आणि भुंकून घर जागे करायचे, एवढेच त्याचे काम. चोराला धरण्याची जबाबदारी बाहेरच्या थोरल्याची. 'अप्सो' या शब्दाचे अर्थही अनेक सांगतात. कोणी त्याचा संबंध भुंकणाऱ्या सिंहाशी जोडतात, कोणी शेळीसारख्या लांब केसांशी. तिबेटच्या दंतकथांतला हिमसिंह हे तिथले मानाचे प्रतीक. त्यामुळे सिंहाचे नाव मिळणे म्हणजे थोडाथोडका मान नव्हे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अप्सो विकला जात नसे. तो भेट म्हणून द्यायचा. मोठ्या लामांकडून, सरदारांकडून सन्मान म्हणून मिळायचा. मांचू दरबारात तिबेटकडून असेच छोटे 'सिंह-कुत्रे' नजराणा म्हणून जात आणि आजच्या शिह त्झूचे पूर्वज त्यांतलेच, असे मानले जाते.

खेचरांच्या वाटेने खाली

ल्हासाहून दक्षिणेला ग्यान्त्से, तिथून चुंबी खोरे आणि मग जेलेप ला किंवा नथू ला खिंडीतून सिक्कीम, कालिम्पोंग. ही लोकरीच्या व्यापाराची जुनी वाट. घुंगरांच्या माळा घातलेली खेचरे तिबेटी लोकर घेऊन खाली येत आणि कापड, चहा, भांडी घेऊन वर जात. याच वाटेने अप्सोही खाली आला. सिक्कीममध्ये ब्रिटिशांचे राजकीय अधिकारी असलेले फ्रेडरिक बेली आणि त्यांच्या पत्नी यांनी आपल्याकडचे अप्सो १९२८ मध्ये इंग्लंडला नेले. १९३४ मध्ये तिथे तिबेटी जातींची संघटना उभी राहिली. अमेरिकेत ही जात पोहोचली ती थेट तेराव्या दलाई लामांकडून. सायडॅम कटिंग हे प्रवासी-निसर्गअभ्यासक त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवून होते. १९३३ मध्ये त्यांना एक नर-मादी भेट मिळाली आणि न्यू जर्सीतल्या त्यांच्या हॅमिल्टन फार्मवर त्या जातीची पैदास सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेरावे दलाई लामा निवर्तले. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली.

१९५९ मध्ये चौदावे दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी. १९६२ च्या युद्धानंतर नथू ला बंद झाली. ती व्यापारासाठी उघडली २००६ च्या जुलैत. मधल्या काळात तिबेटात मठ उद्ध्वस्त झाले, जुनी घराणी उखडली गेली, आणि ज्या दालनांत अप्सो पहारा देत असे ती दालनेच उरली नाहीत. ही जात टिकली ती बाहेर गेलेल्या कुत्र्यांच्या वंशातून. ल्हासाचे नाव लावणारा कुत्रा ल्हासाबाहेर जगला, हा नशिबाचा विचित्र खेळच म्हणायचा.

भेटीची वस्तू दुकानात

आज आपल्याकडे ल्हासा अप्सो मिळतो तो नजराणा म्हणून नव्हे. दुकानातल्या पिंजऱ्यात, कागदाच्या कपट्यांवर पेंगणारे पिल्लू मुलाला आवडते, वाढदिवस जवळ आलेला असतो आणि संध्याकाळी ते घरी येते. बरेचदा ते पाच आठवड्यांचेही नसते. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. हा नियम कागदापुरता नाही. आईजवळ आणि भावंडांत घालवलेल्या त्या आठवड्यांत पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकते. ते शिकणे चुकले की पुढे घरातली मुले ओरबाडली जातात आणि दोष जातीवर येतो.

घेण्यापूर्वी आई-बापांना, निदान आईला तरी पाहावे. पुष्कळदा ल्हासा म्हणून शिह त्झू किंवा स्पिट्झशी संकर झालेले पिल्लू गळ्यात मारले जाते. शिह त्झूचे नाक फारच आखूड आणि डोळे मोठे, गोल. अप्सोचे नाक त्याहून लांब, डोक्याच्या साधारण एक तृतीयांश. डोळे मध्यम, किंचित अंडाकृती. पूर्ण वाढलेल्या अप्सोची खांद्यापाशी उंची दहा-अकरा इंच आणि वजन साडेपाच ते आठ किलो. संकरित पिल्लू वाईट असते असे मुळीच नाही. त्यासाठी फसून जास्त पैसे मोजू नयेत, इतकेच. नेत्रपटल हळूहळू निकामी होणे आणि मूत्रपिंडाची जन्मजात खुरटलेली वाढ हे दोष या जातीत वंशपरंपरेने उतरतात. म्हणून आई-बापांच्या तपासणीची विचारणा करण्यात संकोच धरू नये. विकणारा त्यावर चिडला तर पिल्लू तिथेच सोडून यावे.

केसांचे प्रकरण

अप्सोचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून घर स्वच्छ राहते, असे विकणारे सांगतात. ते खरे आहे. पण न गळणारा केस जातो कुठे? तो आतल्या अस्तरात अडकतो आणि गुंता होतो. आठवडाभर दुर्लक्ष केले तर कानांमागे, काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला जटा धरतात. जटांखाली कातडीला हवा लागत नाही, ती लाल होते, खाज सुटते आणि त्यातच गोचीड घर करतात. पहिले वर्ष भरण्याच्या सुमारास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येऊ लागतात. ते काही महिने तर गुंत्याला ऊत येतो.

रोज दहा मिनिटे दिली तर हे काम जड जात नाही. कोरड्या केसांवर ब्रश फिरवला की ते तुटतात. आधी पाण्याचा हलका फवारा मारावा. मग केसांचा एकेक थर उचलून, कातडीपासून टोकापर्यंत ब्रश करावा आणि शेवटी रुंद दातांची धातूची फणी फिरवावी. वरवर ब्रश केला की कुत्रा छान दिसतो, पण खाली जटा तशाच राहतात. बहुतेक घरांत हीच चूक होते. गुंता बोटांनी मोकळा करावा. आंघोळ पंधरा दिवसांतून एकदा पुरे, आणि तीही गुंता काढल्यावरच. ओला गुंता सुकताना आवळतो आणि मग कात्रीशिवाय इलाज राहत नाही. शाम्पू कुत्र्यांसाठीचाच घ्यावा.

मात्र हे सगळे रोज करणार कोण, हे पिल्लू आणण्याआधीच ठरवलेले बरे. मुले हट्ट करतात, बाबा मान डोलावतात आणि आठ दिवसांनी फणी आईच्या हातात येते. ज्या घरात सकाळी डबे, शाळा, नोकरी यांची धावपळ आहे, तिथे लांब केसांची हौस सोडून द्यावी. दर सहा-आठ आठवड्यांनी केस इंचभर राखून कापून घ्यावेत. प्रदर्शनात मिरवायचे नसेल तर जमिनीवर लोळणाऱ्या झुलीचे कुत्र्याला काहीच अप्रूप नसते. पण कातडी दिसेपर्यंत भादरू नये. मग उन्हाचा आणि डासांचा थेट मारा होतो. डोळ्यांवरचे केस बांधावेत किंवा छाटावेत. पोतालाच्या छतावर जी झुलपे छत्री होती, ती आपल्या खोलीत नुसती अडचण ठरतात. बुबुळाला घासून डोळा लाल होतो. डोळ्यात चिकट पिवळी घाण सतत साचत असेल तर अश्रू आटण्याचा विकार असू शकतो. घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्याला दाखवावे. उशीर झाला तर नजर जाते.

मे आणि जुलै

नागपूर, जयपूर, दिल्लीचा मे आणि मुंबई, कोची, कोलकात्याचा जुलै. अप्सोच्या दृष्टीने ही दोन वेगळी संकटे आहेत. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा थंडावा. कोरड्या उन्हाळ्यात जिभेवरचा ओलावा भराभर उडतो, म्हणून कूलरच्या वाऱ्यात तो निभावतो. दमट हवेत तो ओलावा उडतच नाही. पारा बत्तीसच दाखवत असला तरी किनाऱ्यावरचा अप्सो कासावीस होतो आणि तिथे पाण्याचा कूलर लावला तर दमटपणा वाढून उलटाच परिणाम होतो. तिथे पंखा हवा, परवडत असेल तर एसी.

उन्हाळ्यात फिरणे सकाळी साडेसहा-सातच्या आत आणि रात्री. डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याचे तळवेही तिथे भाजणार. बंद गाडीत त्याला 'दोन मिनिटे' सुद्धा ठेवू नये. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ गळते, पाय लटपटतात, ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी त्याला सावलीत आणून नळाच्या पाण्याने पोट, काखा आणि पाय भिजवावेत, पंख्याचा वारा द्यावा आणि तशाच ओल्या अंगाने दवाखाना गाठावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये. त्याखाली उष्णता कोंडते.

पावसाळ्यात वैरी ओल. वरून कोरडा दिसणारा अप्सो आतून दोन-दोन दिवस ओला राहतो. मग केसांना आंबूस वास येतो आणि बुरशी धरते. फिरून आल्यावर पंजे, पोट आणि कान टिपावेत. पंजाच्या गादीतले केस बारीक कापून ठेवले की चिखल बसत नाही आणि गुळगुळीत फरशीवर पाय घसरत नाही. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस इतर लसींबरोबर पावसाळ्याआधी घ्यावी. रेबीजच्या लशीत तर एक दिवसाचाही आळस नको. गोचीडतापात कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या पांढुरक्या होतात, लघवी गडद होते. ल्हासाच्या थंडीत हे दुखणे त्याच्या पूर्वजांच्या वाट्याला कधी आले नसेल. इथे मात्र दाट केसांत लपलेला एक गोचीडही पुरतो.

काही हौशी मंडळी सुट्टीत कुत्र्याला घेऊन थेट लडाखला निघतात. हा तिकडचाच, त्याला काय होणार, असा हिशेब. पण ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात किंवा लुधियानात गेल्या त्याला विरळ हवेचा त्रास माणसासारखाच होऊ शकतो. धरमशालाजवळचे मॅक्लिओडगंज, मसुरी, कालिम्पोंग ही ठिकाणे त्याला अधिक मानवतात. रेल्वेने न्यायचे तर फर्स्ट क्लासचा कूपे आपल्या नावे पूर्ण राखीव असावा लागतो. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. उन्हाळ्यात त्या पेटीत अप्सोला घालणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे.

बेल वाजते तेव्हा

सोसायटीतल्या फ्लॅटची बेल सकाळपासून किती वेळा वाजते, ते एकदा मोजून पाहावे. दूध, पेपर, कचरा, इस्त्री, कुरिअर, शेजारची मुले. अप्सोच्या लेखी प्रत्येक जण मठाच्या दालनात शिरू पाहणारा परका! तो भुंकतो, शेजारी तक्रार करतात, सेक्रेटरीची चिठ्ठी येते आणि घरातले त्याच्यावर खेकसतात. त्याला वाटते, आपल्या मदतीला हेही भुंकू लागले. तो आणखी चढतो. हा आडदांडपणा नव्हे, शेकडो वर्षे अंगात मुरलेली नोकरी आहे. ती काढून टाकता येत नाही, पण तिला मर्यादा घालता येते. दोनदा भुंकला की शांतपणे जवळ बोलवावे, गप्प झाल्याबरोबर शाबासकी आणि एखादा तुकडा द्यावा. खबर पोहोचली, पुढचे मी बघतो, एवढे त्याला कळले की पुरते. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतच्या वयात त्याला दूधवाला, लिफ्ट, स्कूटर, छत्री, काठी टेकत येणारे आजोबा, सगळे दाखवावे. लसी पुऱ्या झाल्या नसतील तर कडेवर घेऊन. या वयात घरात कोंडलेला अप्सो पुढे परक्यांवर आयुष्यभर गुरगुरतो.

हा कुत्रा उशिरा शहाणा होतो. तीन वर्षांचा झाला तरी पोरकटपणा जात नाही, आणि मारझोड केली तर तो अढी धरून बसतो. मांडीवर लोळण्याची आवड कमी, उंच सोफ्यावरून दाराकडे नजर ठेवण्याची जास्त. त्याचा कणा लांब, पाय आखूड. म्हणून सारख्या उड्यांनी पाठीच्या चकत्या दुखावतात. सोफ्याला एक ठेंगणी पायरी लावून द्यावी. खाण्याचे लाडही तसेच. तिबेटात त्याला घरचा त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ, आणि उरलेले मांस मिळे. चालणेही भरपूर होई. इथे बिस्किटे, फरसाण आणि सोफा! अर्धा-पाऊण किलो वजन वाढणे त्याच्या शरीराला फार असते. कांदा, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका त्याला विषासारखी आहेत. प्रसादाच्या शिऱ्यातला मनुकाही वेचून काढावा.

नीट सांभाळला तर अप्सो बारा ते पंधरा वर्षे जगतो. वाढदिवसाला हट्ट करणारे मूल कॉलेजात जाईपर्यंत. शेवटच्या वर्षांत नजर मंदावते, कान जातात, बेल ऐकू येत नाही. मग तो दारालाच अंग लावून झोपू लागतो, म्हणजे दार हलले तर कळावे. त्याची ती जागा बदलू नये, आणि सामानाची फिरवाफिरव करून त्याला चाचपडायला लावू नये.

दर दिवाळीनंतर आपल्या शहरांत तिबेटी स्वेटरवाले येतात. फुटपाथवर किंवा मैदानात ओळीने दुकाने मांडतात आणि थंडी सरली की गाठोडी बांधून आपापल्या वसाहतींकडे परततात. ती दुकाने उठली की घरातल्या अप्सोचा कठीण काळ सुरू झाला असे समजावे. त्याच आठवड्यात त्याचे केस कमी करून घ्यावेत, गोचीडाचे औषध बदलायचे का ते पशुवैद्याला विचारावे, गादी उचलून शहाबादी फरशीचा एक कोपरा त्याच्यासाठी मोकळा करावा आणि पाण्याची भांडी एकाची दोन करावीत.